कंटेनरचं दार उघडण्याआधी: आयात मालातून येणाऱ्या किडींचं नियोजन

कंटेनरमधून तीन गोष्टी देशात येतात: माल, मालाचं लाकडी पॅकिंग आणि खुद्द कंटेनर. कागदपत्रं बहुतेक पहिल्या गोष्टीपुरती असतात, कीड मात्र तिन्हींतून येते. मशिनरी मागवणाऱ्याला वाटतं, आपलं लोखंड, आपला शेतीशी काय संबंध? पण त्या लोखंडाखालचं पॅलेट, म्हणजे माल ठेवायचा फळ्यांचा पाट, कुठल्या तरी झाडाचं असतं, आणि त्याच कंटेनरमधून मागच्या फेरीला तांदूळ किंवा जिरं गेलेलं असू शकतं.

न्हावा शेव्याच्या एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, 50 किलोच्या गोण्यांनी दारापर्यंत भरलेला 40 फुटी कंटेनर उघडला, की तपासनिसाला दिसतो तो गोण्यांचा शेवटचा थर. त्यामागे जवळपास 12 मीटर माल उभा असतो. तो सगळा उतरवून बघायला ना जागा असते ना वेळ, आणि डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याच्या भाड्याचं, मीटर चालूच असतं. बंदरावरची तपासणी हवीच, पण योजनेचा सगळा भार तिच्यावर टाकला की योजना फसते. कीड अडवायच्या खऱ्या जागा दोन: माल भरताना पुरवठादाराचं आवार, आणि माल उतरवताना आपलं गोदाम.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांनी पुण्याकडेच बघावं. टोमॅटोचं पान आणि फळ पोखरणारी टुटा अॅब्सोल्युटा ही दक्षिण अमेरिकेतली अळी भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती 2014 मध्ये, पुण्याच्या टोमॅटोवर. गाजर गवताकडे वनस्पतिशास्त्रज्ञांचं लक्ष गेलं तेही पुण्यातच, 1955 च्या सुमारास. ते पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत योजनेच्या, गव्हातून आलं असं सगळे सांगतात. पण तो करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, म्हणजे तारखा जुळत नाहीत. अर्थात त्याआधी 1951 च्या कर्जाचा अमेरिकन गहू येऊन गेला होता, त्यामुळे गव्हावरचा आळ पूर्ण पुसता येत नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइंबतूरला दिसला आणि त्याला आवर घालायला 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून परजीवी गांधीलमाशी आणावी लागली. आत आलेली कीड बाहेर काढण्यात सहसा यश येत नाही, तिच्यासोबत राहायचा खर्च तेवढा ठरवता येतो.

आधी कागद, मग ऑर्डर

वनस्पतिजन्य मालासाठी मूळ नियम आहे प्लांट क्वारंटाइन ऑर्डर 2003. 1914 च्या डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स अॅक्टखाली काढलेला हा आदेश 1 जानेवारी 2004 पासून लागू आहे. त्याच्या अनुसूची नीट वाचल्या तर निम्मे घोळ टळतात. चौथ्या अनुसूचीत ज्या देशातून जो माल आणायला बंदी आहे तो, पाचवीत फक्त ठरावीक संस्थांना आणता येणारा, सहावीत जादा घोषणांच्या, म्हणजे माल ठरावीक किडींपासून मुक्त असल्याच्या लेखी हमीच्या, अटीवर आणता येणारा, आणि सातवीत खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी येणारा तुलनेनं सोपा माल. आपला माल यांपैकी कुठेच नसेल, तर आधी कीड-जोखीम विश्लेषण होतं आणि मगच दार उघडतं. हे काम आठवड्यांत होत नाही. तेव्हा नव्या देशातून नवं बियाणं किंवा नवं धान्य आणायचा विचार असेल, तर पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी अनुसूची बघा. अनुसूचीत नाव शास्त्रीय असतं आणि मूळ देशही महत्त्वाचा असतो. दुबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला टांझानियाचा हरभरा हा टांझानियाचाच हरभरा.

आयात परवाना आला, पुढे फायटो, म्हणजे निर्यातदार देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेचं प्रमाणपत्र. मूळ कागद येण्याआधी त्याचा मसुदा ईमेलवर मागवून चार जागा तपासाव्यात. शास्त्रीय नाव परवान्याशी जुळतंय का? जादा घोषणांची वाक्यं परवान्यात आहेत तशीच्या तशी उतरली आहेत का? फ्युमिगेशनच्या, म्हणजे विषारी वायूच्या धुरीच्या, रकान्यात रसायन, मात्रा, तास, तापमान आणि तारीख हे पाचही भरलंय का? आणि तारखांचा क्रम धुरी, मग फायटो, मग जहाज असा आहे का? जादा घोषणा ‘आमच्या शब्दांत’ लिहिणारे देश असतात, आणि अर्थ तोच असला तरी इथे वाद होतो. जहाज सुटण्याआधी दुरुस्त प्रमाणपत्र मिळवणं हे एका फोनचं काम असतं, माल सीएफएसमध्ये पडल्यावर त्याच चुकीचे दिवस मोजावे लागतात.

लाकूड

1996 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रस्त्यांवरच्या मेपल झाडांत आशियाई लांब शिंगांचा भुंगेरा सापडला. तो चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आला होता. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ अॅश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा ओळखला गेला, आणि पुढे त्यानं उत्तर अमेरिकेतली कोट्यवधी झाडं संपवली. लाकडी पॅकिंगचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसपीएम 15, 2002 मध्येच आलं. भारतातही आता नियम असा आहे की, कच्च्या लाकडाचं पॅकिंग प्रक्रिया केलेलं आणि शिक्का मारलेलं नसेल तर कस्टम्सनं तो माल सोडायचा नाही, प्लांट क्वारंटाइनला कळवायचं. मग आतला माल कागदाचा असो की काचेचा.

शिक्का कसा वाचायचा? डावीकडे गव्हाच्या ओंबीचं आयपीपीसीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचं, चिन्ह. उजवीकडे देशाचा दोन अक्षरी कोड, आडवी रेघ, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण. एचटी म्हणजे उष्णता, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, डीएच म्हणजे डायइलेक्ट्रिक तापवणी, एसएफ म्हणजे सल्फ्युरिल फ्लोराइड. हाताने काढलेला शिक्का चालत नाही. लाल आणि नारिंगी रंग टाळायला सांगितलेले आहेत, कारण ते धोकादायक मालाच्या खुणांचे रंग आहेत.

एचटीचा नियम ऐकायला सोपा आहे: 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. पण हे तापमान लाकडाच्या गाभ्यात मिळायला हवं, भट्टीतल्या हवेत नव्हे. जाड, ओल्या ठोकळ्याचा गाभा तापायला कित्येक तास लागतात, आणि पुरवठादाराचा घोळ होतो तो इथेच. त्याच्याकडून प्रमाणपत्राबरोबर भट्टीचा तापमान-आलेख मागवावा, आणि त्यात लाकडाच्या आत खुपसलेल्या सेन्सरची वेगळी रेघ आहे का ते बघावं. एकच रेघ असेल तर ती बहुधा हवेची.

साल काढलेली असणं ही वेगळी अट आहे. 3 सेंटीमीटरपेक्षा अरुंद पट्टी कितीही लांब असली तरी चालते. त्याहून रुंद तुकडा असेल तर त्याचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंटीमीटरच्या आत हवं. साधारण क्रेडिट कार्डाएवढा तुकडा ही मर्यादा डोळ्यापुढे ठेवली की पुरतं.

सगळ्यात जास्त घोटाळा दुरुस्त केलेल्या पॅलेटमध्ये असतो. एखाद-दोन फळ्या बदलल्या तर नवी प्रत्येक फळी प्रक्रिया केलेली आणि शिक्क्याची हवी. पॅलेटचा सुमारे एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग बदलला तर जुने शिक्के पुसून सगळं पॅलेट पुन्हा तापवायचं. प्रत्यक्षात दिसतं काय? मधली एक फळी नवीकोरी पिवळी, बाकीच्या राखाडी, आणि शिक्का राखाडी ठोकळ्यावर. दार उघडल्याउघडल्या ही नवी फळी शोधावी, कारण कीड तिच्यातच असण्याची शक्यता जास्त.

दुसरा घोटाळा डनेजचा, म्हणजे स्टीलच्या कॉइल्स, ग्रॅनाइटचे ठोकळे, अवजड यंत्रं हलू नयेत म्हणून खाली-मध्ये ठोकलेले सुटे वासे. लांब वाशावर एकच शिक्का असतो, भरताना त्याचे सहा तुकडे होतात आणि पाच तुकडे बिनशिक्क्याचे निघतात. म्हणून डनेजवर थोड्या थोड्या अंतरावर शिक्के मारून घ्यायला सांगावं. कंटेनर भरायच्या दिवशी कुणीतरी बाजूच्या शेडमधून आणलेला ओला ठोकळा हाही याच जातीचा प्रकार.

शिक्का असूनही पॅलेटखाली ताजी भुकटी दिसली तर? मानक जिवंत लाकडातल्या किडींसाठी आहे. तापवून झालेल्या कोरड्या लाकडात नंतर लिक्टससारखे भुकटी पाडणारे भुंगेरे शिरू शकतात, वाळवीही लागू शकते. भोक बघून अंदाज येतो. लिक्टसचं भोक गोल, 1 ते 2 मिलिमीटरचं, आणि भुकटी मैद्यासारखी मऊ. आशियाई लांब शिंगांच्या भुंगेऱ्याचं भोक गोल आणि जवळजवळ 10 मिलिमीटर, म्हणजे पेन्सिल आत जाईल एवढं. सपाट पोटाचं, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं 3-4 मिलिमीटरचं भोक चमकदार भुंगेऱ्यांचं. शेवटची दोन दिसली तर पुढे काही उतरवू नका.

प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, 6 मिलिमीटरपेक्षा पातळ लाकूड, प्लास्टिक, दाबून केलेली पॅलेट्स, यांना हे मानक लागूच होत नाही. टनाच्या आतल्या बहुतेक मालासाठी माझा सल्ला हाच: परचेस ऑर्डरमध्येच ‘घन लाकूड नको’ असं लिहा. पॅलेटमागे थोडे जास्त पैसे जातात, पण शिक्क्याचा प्रश्नच उरत नाही. अवजड यंत्राला लाकूड लागणारच. तिथे ऑर्डरमध्ये एवढं तरी असावं: सगळं लाकूड सालविरहित, प्रत्येक तुकडा शिक्क्यासह, भरून झाल्यावर दार लावण्याआधी शिक्के वाचता येतील असे फोटो, आणि त्रुटी निघाल्यास इथल्या प्रक्रियेचा खर्च पुरवठादाराकडे. शेवटचं कलम नसेल तर आधीची तीन कुणी वाचत नाही.

धुरी: आकडे जुळतात, वायू पोचत नाही

मिथाइल ब्रोमाइड ओझोन थराला मारक आहे. माँट्रियल करारानं त्याचे बाकीचे वापर जवळजवळ संपवले, क्वारंटाइन आणि जहाजात माल भरण्याआधीची प्रक्रिया एवढीच सवलत उरली. त्यामुळे उगाच वापरू नये, आणि वापरलं तर वाया जाऊ देऊ नये.

लाकडासाठी 21 अंश किंवा जास्त तापमानाला 24 तासांत मात्रा गुणिले वेळ असा एकूण हिशेब घनमीटरला 650 ग्रॅम-तास भरला पाहिजे, आणि 24 व्या तासाला किमान 24 ग्रॅम वायू शिल्लक हवा. त्यासाठी नेहमीची सुरुवातीची मात्रा घनमीटरला 48 ग्रॅम. 16 ते 21 अंशांच्या दरम्यान हिशेब 800 चा होतो, 10 ते 16 मध्ये 900 चा, आणि 10 च्या खाली करायचंच नाही. 20 फुटी कंटेनरचं आकारमान साधारण 33 घनमीटर, म्हणजे 1.6 किलो वायू. 40 फुटीचं 67, म्हणजे 3.2 किलो. रिकामी जागा मोजून मात्रा कमी करायची नसते, पूर्ण आकारमान धरायचं.

वाचनं घ्यायची 2, 4 आणि 24 तासांनी. 48 ग्रॅमनं सुरू केलं तर ती अनुक्रमे किमान 36, 31 आणि 24 यावीत. दुसऱ्या तासालाच 28 आलं, तर गळती आहे किंवा माल वायू शोषतोय. फक्त शेवटचं वाचन लिहिलेलं प्रमाणपत्र मला कधीच पटत नाही, आणि तिन्ही वाचनं अगदी काठावर 36, 31, 24 अशीच आली असतील तर ते आणखीच कमी पटतं.

गळती कुठून होते? मुख्यतः दाराच्या झिजलेल्या रबरातून आणि वरच्या कोपऱ्यांतल्या हवेच्या भोकांतून. कंटेनर स्वतःच बंदिस्त आहे का हे बघायची पद्धत म्हणजे दाबाची चाचणी: आत 200 पास्कल दाब द्यायचा आणि तो 100 वर यायला किमान 10 सेकंद लागतात का ते मोजायचं. कमी लागले तर वरून ताडपत्री टाकून कडांना वाळूच्या नळ्या ठेवायच्या. इथे आपल्याकडची खास अडचण येते. आवारात पेव्हर ब्लॉक असतात, आणि त्यांच्या फटींतून वायू खाली निघून जातो. ताडपत्रीखाली धुरी द्यायची तर खाली अखंड काँक्रीट हवं, नाहीतर आधी जमिनीवर एक शीट अंथरावी लागते. पावसाळ्यात आणखी एक भर: पृष्ठभाग ओला असलेल्या लाकडात वायू नीट शिरत नाही.

प्लास्टिक हे दुसरं मोठं कारण. पॅलेटभोवती आठ वेढे स्ट्रेच फिल्म आणि आत धुरी म्हणजे फिल्मला धुरी. भरण्याआधी फिल्म ठिकठिकाणी चिरावी, किंवा गुंडाळायच्या आधी धुरी द्यावी. लाकूड 20 सेंटीमीटरपेक्षा जाड असेल तर वायू गाभ्यात पोचत नाही, थप्पीत फटी ठेवाव्याच लागतात. मिथाइल ब्रोमाइड हवेच्या तिप्पटीहून जड आहे, पंखा लावला नाही तर तळाशी बसतं आणि वरचे थर कोरडे राहतात. ते 3.6 अंशांना उकळतं, तरी सिलिंडरमधून भराभर सोडलं तर द्रवरूपातच मालावर पडतं, म्हणून द्रव तापवून त्याचा वायू करणारं व्हेपोरायझर वापरायचं. रबर, चामडं, लोकर आणि फोम यांना कायमचा वास लागतो, बियाण्याची उगवण मार खाते.

वायूला स्वतःचा वास जवळपास नाही. आपल्याकडे इशाऱ्यासाठी 2 टक्के क्लोरोपिक्रिन मिसळतात, त्यानं डोळ्यांना पाणी येतं. पण क्लोरोपिक्रिन आधी उडून जाऊ शकतं. ‘वास येत नाही, दार उघडा’ असं म्हणणाऱ्या सुपरवायझरला बाजूला करावं आणि मीटर 5 पीपीएमच्या खाली दाखवेपर्यंत माथाड्यांना आत सोडू नये. या विषबाधेवर उतारा नाही.

डाळी आणि कॅनडाचा हिवाळा

नियम आणि भूगोल कसे अडकतात याचं चांगलं उदाहरण म्हणजे कॅनडाचा वाटाणा आणि मसूर. खोड-कंद सूत्रकृमीच्या काळजीपोटी भारतानं मूळ देशातच मिथाइल ब्रोमाइडची धुरी मागितली. पण कॅनडात हिवाळ्यात धान्य गोठणबिंदूच्या खाली असतं, तिथे हा वायू चालत नाही, आणि ओझोनच्या कारणानं तिथे त्याचा वापरही आक्रसलेला. परिणामी वर्षानुवर्षं सूट, मुदतवाढ, पुन्हा सूट, आणि इथे उतरल्यावर धुरी. डाळ आयात करणाऱ्या गिरणीसाठी याचा अर्थ एवढाच, की सूट आज चालू आहे हे गृहीत धरून जहाज भरू नये. भरण्याच्या आठवड्यात ताजी अधिसूचना बघावी.

म्यानमार किंवा पूर्व आफ्रिकेच्या तुरीत धोका वेगळा, भुंग्यांचा. मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते, अळी थेट दाण्यात शिरते आणि आतच भुंगा होऊन गोल झाकण पाडून बाहेर येते. तिशीतल्या तापमानाला हा फेरा 25 ते 30 दिवसांचा. म्हणजे परखी खुपसून काढलेला नमुना आज अगदी स्वच्छ दिसतो आणि महिन्यानं गोदामात भुंगे उडतात. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक लॉटमधून वेगवेगळ्या गोण्यांतला मिळून अर्धा किलो नमुना काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला पातळ कापड बांधा, बाहेर लॉट नंबर आणि तारीख लिहा आणि सहा आठवडे सावलीत ठेवा. दर आठवड्याला चाळणीवर हलवून बघा. त्या लॉटची विक्री थांबवता येत नसेल, तर निदान तो जुन्या मालाजवळ रचू नका.

डाळींसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. 3 ग्रॅमची गोळी 1 ग्रॅम फॉस्फिन देते. टनाला 3 गोळ्या, ताडपत्रीखाली 7 दिवस, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. यात कमी पडतात ते दिवस. फॉस्फिन हळू मारतं. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर मोठे किडे मेलेले दिसतात, अंडी आणि कोष जगतात, आणि जगलेल्यांची पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. दुप्पट गोळ्या टाकून दिवस निम्मे करता येत नाहीत. याशिवाय फॉस्फिन तांबं खातं, तेव्हा त्याच शेडमधला वजनकाटा आणि विजेचं पॅनेल आधी झाकावं किंवा हलवावं. या गोळ्यांची विक्री आणि वापर निर्बंधित आहे, काम मान्यताप्राप्त एजन्सीकडूनच करून घ्यावं.

कंटेनर: इथे आरोपी आपण

साठवलेल्या धान्यातला खापरा भुंगेरा मूळचा भारतीय उपखंडातला. त्यामुळे बाकी जगाच्या यादीत आपण धोक्याचे देश आहोत. 1953 मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा अख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून धुरी द्यावी लागली आणि मोहीम 1966 पर्यंत चालली. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात तो आयात केलेल्या फ्रिजच्या पॅकिंगमध्ये निघाला. फ्रिजमध्ये धान्य नसतं, कंटेनरमध्ये मात्र कधीतरी होतं. त्यानंतर ऑस्ट्रेलियानं धोक्याच्या देशांतून येणाऱ्या ठरावीक कंटेनरना मालासकट प्रक्रियेची सक्ती केली. तिथल्या मात्रा लाकडाच्या मात्रांपेक्षा कितीतरी कडक आहेत: मिथाइल ब्रोमाइड घनमीटरला 80 ग्रॅम आणि 48 तास, किंवा 60 अंशांची उष्णता 180 मिनिटं.

एवढी धास्ती का, तर त्याची अळी. ती उपाशीपोटी, निपचित, फटीत वर्षानुवर्षं जगते. अगदी कोरड्या धान्यावरही वाढते. त्या अवस्थेत तिचा श्वासोच्छ्वास मंद असतो, म्हणून वायूही तिच्यावर कमी चालतो. प्रौढ भुंगेरा उडताना दिसत नाही, म्हणजे तो पसरतो तो माणसाच्या गाडीतून, गोणीतून आणि कंटेनरमधून.

कंटेनरच्या तळाची फळी साधारण 28 मिलिमीटर प्लायवुडची असते, खाली स्टीलचे आडवे. फळीच्या कडा, दाराचा उंबरठा आणि पन्हळी भिंतीचा तळ इथे दाणे अडकतात. दारावरच्या पत्र्यावर लाकडाच्या प्रक्रियेची नोंद असते, पण ती फळी पोखरणाऱ्या किडीसाठी. फटीतल्या दाण्यांशी तिचा संबंध नाही.

आयातदारानं रिकामा करून परत दिलेला कंटेनर यार्डात जातो आणि तिथून कुणा निर्यातदाराकडे, कदाचित जळगावच्या केळी पावडरवाल्याकडे. तेव्हा रिकामा कंटेनर परत देण्याआधी झाडणं हे जसं शेजाऱ्याचं काम आहे तसं आपलंही. कारण उद्या आपल्याला मिळणारा कंटेनरही असाच कुणीतरी रिकामा केलेला असणार.

उतरवताना

जागा काँक्रीटची, झाडलेली, शेत, बाग आणि धान्याच्या थप्पीपासून लांब. उजेड भरपूर, शिवाय हातात टॉर्च. काम दिवसा करावं, रात्री दिव्याकडे उडणारे किडे आपलेच की परके हे कळत नाही. आधी कंटेनरभोवती आणि खाली फेरी मारा: चिकटलेली माती, गोगलगायी, कोळ्यांची जाळी, अंड्यांचे पुंजके. सील तोडल्यावर दार वीतभर उघडून थांबा. टॉर्चचा झोत तिरपा धरला की भुकटी आणि हालचाल चटकन दिसते. माल उतरताना एक माणूस फक्त बघायला हवा, त्याच्या हातात बॉक्स नको. हमालीचा हिशेब नगावर असेल तर हे कुणी स्वतःहून करत नाही, म्हणून त्या माणसाची मजुरी वेगळी धरा.

जिवंत कीड दिसली की काय करू नये, ते आधी ठरलेलं असावं. फवारा मारू नये. पळालेली कीड गोदामात शिरते आणि ओळखायला नमुना उरत नाही. उतरवलेला माल परत आत ढकलावा, दार लावावं, फटींना चिकटपट्टी लावावी. दोन-चार किडे चिमट्यानं उचलून 70 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घ्यावेत. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आतच टाकावी, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीत कंटेनर क्रमांक, तारीख, देश आणि कीड कुठे सापडली ते. अळीच सापडली असेल तर तिच्यासोबत टाकलेली कातही घ्यावी. मग प्लांट क्वारंटाइन केंद्राला कळवावं. मुंबईचं प्रादेशिक केंद्र आणि बंदरावरचं केंद्र, दोन्हीचे क्रमांक गोदामाच्या भिंतीवर असावेत, सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स एजंटच्या, फोनमध्ये नव्हे.

झाडून निघालेला कचरा हा मालाचाच भाग समजावा. तो दुहेरी पिशवीत बांधून त्याच कंटेनरमध्ये धुरीसाठी ठेवावा. गोदामामागच्या उकिरड्यावर टाकला तर सगळी मेहनत पाण्यात.

वापरलेली यंत्रं आणि जुने टायर यांबद्दल थोडक्यात. पिकांसोबत माती आणायला बंदी आहे, पण जुन्या ट्रॅक्टरच्या चेसिसमध्ये ती किलोंनी येते. धुऊन, पट्टे काढून, रेडिएटरच्या जाळ्या उघडून फोटो मागवा. टायरमध्ये पाणी साचतं आणि डासांची अंडी कोरड्या रबरावरही टिकतात. एडिस अल्बोपिक्टस हा डास 1985 मध्ये टेक्सासमध्ये सापडला, तो जपानहून आलेल्या जुन्या टायरांतून. टायर उतरवून उघड्यावर रचून ठेवणार असाल, तर पावसाआधी वर छप्पर हवं.

गोदामातले सापळे शेवटी राहतात आणि बहुतेकदा राहूनच जातात. धान्याच्या गोदामात खापऱ्यासाठी भिंतीला, जमिनीलगत, कामगंध आणि गव्हाच्या अंकुराचं आमिष असलेला सापळा लावतात. उंचावर टांगलेला सापळा इथे निरुपयोगी. सापळा दारापाशी, उतरवण्याच्या धक्क्यापाशी आणि झाडलोटीचं सामान ठेवतात त्या कोपऱ्यात असावा. गल्फ किंवा आफ्रिकेहून माल उतरला त्या आठवड्यानंतर सलग सहा आठवडे दर आठवड्याला बघावा, एरवी पंधरा दिवसांनी. आमिष बदलल्याची तारीख सापळ्यावरच लिहावी. रिकाम्या सापळ्याचीही वहीत ‘शून्य’ अशी नोंद करावी. कोऱ्या रकान्यावरून किडा नव्हता की कुणी बघितलंच नाही, हे नंतर सांगता येत नाही, आणि क्वारंटाइनचा अधिकारी वही उघडतो तेव्हा हाच प्रश्न आधी विचारतो.